एक शुद्धिपत्र: ‘ट्राउट मास्क रेप्लिका’ पुन्हा ऐकताना

(मंचाच्या मासिक बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



गेल्या बैठकीत चहाच्या वेळी मी एक आगाऊपणा केला होता, तो बहुतेकांना आठवत असेल. ‘न कळणारी कला’ असा काहीतरी विषय चालला होता आणि मी उत्साहाच्या भरात फोन स्पीकरला जोडून एक गाणे लावले. ‘फ्राउनलँड’ त्याचे नाव, लांबी पावणेदोन मिनिटांच्या आतच. ते संपेपर्यंत तिघेजण "कपबशा आवरतो" म्हणून स्वयंपाकघरात पसार झाले होते. आपल्यातले एक ज्येष्ठ काका, ज्यांचा कान आपण सगळे मानतो, म्हणाले, "हे लोक वाजवतायत की घर बदलतायत?" मग पाऊण तास वाद झाला. काहींच्या मते ही शुद्ध फसवणूक, तर काहींच्या मते कळत नाही म्हणून नाकारू नये. आयोजकांनी त्याच वादावर मला आज बोलायला सांगितले. त्यांचे आभार मानायचे की त्यांच्यावर रागवायचे, ते शेवटी ठरवू.

पण आज मी नुसती वकिली करायला आलेली नाही. त्या दिवशी अल्बमची बाजू मांडताना मी एक विधान ठासून केले होते. "हा सगळा दुहेरी अल्बम एका माणसाने पियानोवर बसून आठ-साडेआठ तासांत रचला. याला प्रतिभा म्हणतात!" हे विधान चूक आहे. आमच्या धंद्यात छापलेल्या लेखात चूक निघाली तर शुद्धिपत्र काढावे लागते. आजचे बोलणे हे माझे शुद्धिपत्र समजा. फक्त ते जरा लांबले आहे.

ज्यांना हा अल्बम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ‘ट्राउट मास्क रेप्लिका’, जून १९६९. कलाकाराचे नाव कॅप्टन बीफहार्ट आणि त्याचा मॅजिक बँड. (सासूबाई आमच्याकडे असतात तेव्हा मी त्याला नुसता ‘कॅप्टन’ म्हणते.) खरे नाव डॉन व्हॅन व्लीट. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या मोहावी वाळवंटाच्या कडेला लँकेस्टर नावाचे गाव आहे, तिथे तो वाढला. फ्रँक झॅपा त्याचा शाळेपासूनचा मित्र. झॅपाने स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली आणि मित्राला सांगितले, तुला हवे ते कर, मी मध्ये येणार नाही. त्यातून हे अठ्ठावीस तुकडे निघाले, सुमारे ऐंशी मिनिटांचे. मुखपृष्ठावर उंच हॅट घातलेला कॅप्टन, आणि चेहऱ्याच्या जागी खऱ्या माशाचे डोके. अमेरिकेत अल्बम फारसा खपला नाही. ब्रिटनमध्ये मात्र तो खपाच्या यादीत एकविसाव्या क्रमांकापर्यंत गेला. पुढे कीर्ती एवढी वाढली की २०११ साली अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करण्यायोग्य ध्वनिमुद्रणांमध्ये त्याचा समावेश जाहीर केला. आणि तरीही, कोणत्याही घरात तो लावा, निम्मी माणसे उठून जातात. आपल्याकडे तर प्रयोग करूनच झाला आहे.

मी स्वतः तो पहिल्यांदा ऐकला पीएच.डी.च्या काळात. प्रथिनांच्या स्फटिकांवर क्ष-किरण सोडून मोजमापे घ्यायला आम्ही सिंक्रोट्रॉनवर जायचो. तिथे यंत्राचा वेळ मिळतो तो अखंड. चोवीस तास म्हणजे चोवीस तास, झोपलात तर तुमचे नुकसान. पहाटे तीनच्या सुमाराला आमच्या गटातला एक अमेरिकन मुलगा ही सीडी लावायचा, कोणाला झोप येऊ नये म्हणून. पहिल्या रात्री मी त्याला हात जोडले. दुसऱ्या वेळी कानात बोळे घातले. तिसऱ्या की चौथ्या फेरीत लक्षात आले की एका गाण्यात पुढे काय येणार आहे ते मला माहीत आहे, आणि ते आले. मी दचकले. जे अंदाधुंद असते त्यात ‘पुढे काय’ हे माहीत होऊच शकत नाही. म्हणजे हा गोंधळ दर वेळी तोच आहे! कोणीतरी तो ठरवला आहे.

आता काकांच्या प्रश्नाकडे येते. "ताल कुठे आहे?" असे ते त्या दिवशी म्हणाले होते. प्रश्न अगदी बरोबर आहे. आपल्या कानाला सवय आहे ती एका आवर्तनाची. तबलजी सोळा मात्रांचे घर बांधून देतो, गायक त्यात कितीही भटकला तरी समेवर घरी येतो. पाश्चात्य रॉकमध्येही ड्रम्सवाला हेच काम करतो, फक्त घर चार मात्रांचे. ‘फ्राउनलँड’मध्ये हे घरच नाही. डावीकडची गिटार आपली एक छोटी सुरावट घोळवते, उजवीकडची वेगळ्याच लांबीची दुसरी, बेस तिसरी. समजा एकीचे आवर्तन पाच मात्रांचे आणि दुसरीचे सातांचे, तर दोघी पुन्हा एकत्र येणार पस्तीस मात्रांनी. इथे बऱ्याचदा तेवढीही वाट पाहत नाहीत. मध्येच सगळे एकदम थांबतात आणि नवीन तुकडा सुरू होतो. ड्रम्स ठेका धरत नाहीत, तेही एक स्वतंत्र पात्र असल्यासारखे बोलतात. या सगळ्याच्या वर कॅप्टनचा आवाज. मिसिसिपीच्या जुन्या ब्लूज गायकांसारखा खर्जातला, खरखरीत आणि जबरदस्त.

हा आवाज इतरांच्या लयीत बसत नाही, याचे एक साधे कारणही आहे. स्टुडिओत गायचे शब्द नंतर भरतात, गायक हेडफोनमधून वाद्ये ऐकत गातो. या गृहस्थाने हेडफोन लावायला नकार दिला. काचेपलीकडून जे काही झिरपत होते तेवढ्यावर तो गायला. यात कला किती आणि हट्ट किती, हे तुम्हीच ठरवा. मी हट्टाला जास्त गुण देते.

वाद्यांची गोष्ट मात्र उलटी आहे. १९६९च्या मार्चमध्ये ग्लेंडेलच्या स्टुडिओत या मुलांनी सुमारे वीस गाण्यांचे वाद्यसंगीत एका बैठकीत, साधारण सहा तासांत वाजवून टाकले. यातले काहीही आयत्या वेळचे नव्हते. प्रत्येकाला प्रत्येक तुकडा पाठ होता. तो किती वेळा घोळवायचा आणि कुठे थांबायचे तेही पाठ होते. स्ट्रासबर्गमध्ये राहणाऱ्या सॅम्युएल आंद्रेयेव या कॅनडात जन्मलेल्या संगीतकाराने ‘फ्राउनलँड’ची सुरावटीनिशी उकल करून इंटरनेटवर ठेवली आहे. काका, ती तुम्ही बघाच. शंका राहणार नाही. "कोणीही वाजवेल" हा आक्षेप तिथे संपतो. आवडणे हा वेगळा मुद्दा आहे, तो मी तुमच्यावर सोडते.

मग हे पाठ कोणी करून घेतले? इथे माझे शुद्धिपत्र सुरू होते.

कॅप्टनला पियानो वाजवता येत नव्हता आणि स्वरलिपीही येत नव्हती. तो पियानोवर बसून बोटे फिरवायचा, एखादी आकृती निघायची, आवडली की ओरडायचा, "हे धर!" ते धरण्याचे काम होते जॉन फ्रेंच या ड्रम्सवाल्याचे. बँडमधले टोपणनाव ‘ड्रम्बो’, वय वीस. तो ऐकून ते कागदावर उतरवायचा. मग त्या चिठोऱ्यांमधून कोणता तुकडा कोणाला द्यायचा, कशानंतर काय येईल, दहा बोटांनी दाबलेला पियानोचा ढीग सहा तारांच्या गिटारवर कसा बसवायचा, हे सगळे तो बसवायचा. एकेकाला शिकवायचा, तालीम घ्यायचा, आणि त्या साऱ्याला साजेसे ड्रम्स स्वतः रचायचा. हे आठ तासांत झालेले नाही. लॉस एंजेलिसच्या कडेला वुडलंड हिल्समध्ये एका भाड्याच्या घरात हे सुमारे आठ महिने चालले होते.

ते आठ महिने कसे होते? फ्रेंचचे जाडजूड पुस्तक २०१० साली आले. त्याच्या आधी, १९९८ मध्ये, गिटारवादक बिल हार्कलरोडचे आले होते. दोन्ही माझ्या कपाटात होती, पण मी त्यातली फक्त संगीताची पाने वाचली होती. आपल्याला हवे तेवढेच वाचण्याची ही सवय शास्त्रज्ञाला शोभत नाही. गेल्या बैठकीनंतर उरलेली वाचली. तालीम दिवसाला चौदा-चौदा तास. घराबाहेर पडायला जवळजवळ बंदी, आठवड्यातून एकदा कोणीतरी एकजण किराणा आणायला जायचा. पैसे नाहीत. एका काळात महिनाभर माणशी दिवसाला एक छोटा कप सोयाबीनवर काढल्याचे फ्रेंच सांगतो. पोटासाठी दुकानातून चोरताना ही मुले पकडली गेली आणि झॅपाने जामीन भरून सोडवून आणले. सगळ्यात वाईट म्हणजे ती ‘बोलणी’. कॅप्टन एकाला निवडायचा आणि इतर सगळ्यांनी मिळून त्याला तासन् तास, कधी दिवसचे दिवस, फैलावर घ्यायचे, तो रडून कोसळेपर्यंत. मारहाणही झाली. कॅप्टन अठ्ठावीस वर्षांचा होता, बाकीचे विशीच्या आसपासचे. ही मुले त्याला घाबरत होती आणि त्याच्यावर श्रद्धाही ठेवत होती. या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात, हे आपल्या मंचावर वेगळे सांगायला नको. बुवाबाजीवर आपण इथे किती वेळा बोललो आहोत!

ध्वनिमुद्रण झाल्यावर फ्रेंचला घराबाहेर काढण्यात आले. कॅप्टनने आपल्याला जिन्यावरून खाली ढकलले, असे तो स्वतः सांगतो. अल्बम बाजारात आला तेव्हा त्यावर फ्रेंचचे नाव कुठेच नव्हते. रचना बसवणारा म्हणून नाही, इतकेच काय, ड्रम्सवाला म्हणूनसुद्धा नाही. ऐंशी मिनिटांपैकी बहुतेक वेळ जो माणूस तुम्हाला ऐकू येतो, त्याचे नावच नाही. आणि मग कॅप्टनने मुलाखतींमधून सांगायला सुरुवात केली, की हे सगळे मी एका बैठकीत रचले, या मुलांना तर वाजवताही येत नव्हते, मीच शिकवले. वर्तमानपत्रांना ही गोष्ट आवडली. मलाही आवडली, म्हणून तर मी ती तुम्हाला सांगितली. एकटा वेडा, वाळवंटातला ऋषी, स्फुरण आले आणि झाले. आठ महिने चिठोरे जुळवणाऱ्या विशीतल्या मुलाची गोष्ट कोण छापणार?

(जाता जाता एक गंमत. या अल्बमवर ज्यांनी सुरुवातीच्या काळात गांभीर्याने लिहिले त्यांत लँग्डन विनर होते. ‘वस्तूंना राजकारण असते का?’ हा १९८०चा प्रसिद्ध निबंध लिहिणारे तेच विनर. आपल्यापैकी जे तंत्रज्ञान आणि समाज यावर वाचतात त्यांना नाव माहीत असेल. या वस्तूचे राजकारण बाहेर यायला मात्र बराच काळ जावा लागला.)

आता वादाकडे. आमच्या घरात हा वाद दोन आठवडे जेवणाच्या टेबलावर चालला आहे. माझी मुलगी सोळा वर्षांची, तिचे उत्तर तयार आहे. "मग ऐकतेसच कशाला? बंद कर." तिच्या पिढीचा हा सरळपणा मला आवडतो, पण इथे एक अडचण आहे. हा अल्बम बंद केला तर कोणाची वाद्ये बंद होतील? फ्रेंचची, हार्कलरोडची, जेफ कॉटनची, मार्क बॉस्टनची. कॅप्टनने एकदा नाव पुसले, आता आम्ही आवाजही पुसायचा? खुद्द फ्रेंचने या संगीताकडे पाठ फिरवलेली नाही. २००३ मध्ये त्याने मॅजिक बँड पुन्हा उभा केला, बॉस्टनला बरोबर घेतले, आणि तीच गाणी स्वतः गायला उभा राहिला. ज्याला सर्वांत जास्त सोसावे लागले तो ही गाणी आपली मानतो. मी त्याच्या वरताण नैतिक होऊ इच्छित नाही.

माझ्या नवऱ्याचा मुद्दा दुसऱ्या टोकाचा. (तो मागे बसला आहे, चूक असेल तर सांगेल.) तो म्हणतो, "ठीक आहे, पण फ्रेंचला एकट्याला पियानो देऊन बसवले असते तर हा अल्बम झाला असता का?" नसता झाला. फ्रेंचनेही तसा दावा केलेला नाही. त्या विचित्र आकृत्या, ते शब्द, तो आवाज कॅप्टनचाच. पण कॅप्टनला एकट्याला बसवले असते तर काय मिळाले असते? विस्कळीत पियानोचे काही तास. माझ्यापुरता निकाल असा की हा अल्बम दोघांचा आहे आणि उरलेल्या वादकांचाही थोडा थोडा. पण पाटी एकाचीच लागली.

तिसरा मुद्दा गेल्या वेळी इथेच कोणीतरी मांडला होता, आणि तो मला सर्वांत धोकादायक वाटतो. "असामान्य काही घडायचे तर असे तावूनसुलाखून निघावेच लागते." आपल्याला ही भाषा लहानपणापासून पाठ आहे. भीमसेनजी सवाई गंधर्वांच्या घरी पाणी भरत, ही गोष्ट आपण किती कौतुकाने सांगतो! मीही सांगितली आहे, मुलीला, ती रियाजाला कंटाळली तेव्हा. त्या गुरुगृहाची आणि वुडलंड हिल्सच्या घराची मी बरोबरी करत नाही. पण ती गोष्ट सांगताना आपला आवाज जसा भरून येतो, तसाच तो रॉकच्या चाहत्यांचा सोयाबीनच्या कपाची गोष्ट सांगताना येतो. मी हे कानांनी ऐकले आहे. हाल हे गुणवत्तेचे प्रमाणपत्र होऊन बसतात.

शास्त्रज्ञ म्हणून माझी तक्रार एवढीच, की या प्रयोगाला तुलनेसाठी दुसरा गटच नाही. पोटभर जेवलेल्या मॅजिक बँडने काय केले असते, हे आपल्याला ठाऊक नाही. थोडा पुरावा आहे तो असा. २००३ नंतर हीच गाणी पोक्त वयाच्या माणसांनी, आपापल्या घरी राहून, पुन्हा बसवली आणि मंचावर वाजवली. म्हणजे निदान वाजवण्यासाठी तरी उपासमार लागत नाही. निर्मितीसाठी लागते का? लागते असे म्हणणाऱ्याने ते सिद्ध करावे. तोपर्यंत मी फक्त एवढे मान्य करते, की हाल झाले आणि अल्बमही झाला.

आता जरा अवघड भाग. मी हे सगळे इतके मनाला का लावून घेतले, असे नवऱ्याने विचारले. पोस्टडॉक असताना मी एक गणनपद्धत लिहिली होती, आठ-नऊ महिने खपून. एका परिषदेत आमच्या गटप्रमुखांनी ती "आम्हाला सुचले" म्हणून मांडली. माझे नाव शेवटच्या आभाराच्या स्लाइडवर, कोपऱ्यात, सतराजणांमध्ये. हे दुःख मी अनेक वर्षे अनेकांना सांगितले आहे. तुमच्यापैकी काहींनी ते दोनदा ऐकले असेल. जे सांगितले नव्हते ते आज सांगते. दोन वर्षांपूर्वी मी माझ्या कामावर व्याख्यान दिले. त्यातले स्फटिक आमच्या तंत्रज्ञ बाईंनी वाढवले होते. एक प्रथिन वर्षभर दाद देत नव्हते, त्यांनी दिले. माझ्या स्लाइडवर त्यांचे नाव नव्हते. त्या तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या. नंतर भेटून म्हणाल्या, "छान झाले." मी मनात म्हटले होते, कल्पना माझी, त्यांनी फक्त स्फटिक वाढवले. ड्रम्बोनेही फक्त लिहून घेतले होते.

पुस्तक वाचून संपले त्या आठवड्यात मी त्यांच्याशी बोलले. त्या म्हणाल्या, "मला वाटलं तुम्हाला आठवलं नसेल." त्यावर मला काही बोलता आले नाही. लेख अजून छापायला जायचा आहे, त्यात लेखकांमध्ये त्यांचे नाव घातले आहे. असो.

परत अल्बमकडे. सगळे माहीत झाल्यावर तो कसा वाटतो? मी पुन्हा ऐकला, आठवडाभर, गाडीत, एकटीने. काही तुकडे माझ्या मनातून उतरले. कॅप्टन सॅक्सोफोन हाती घेतो तिथे खरोखरच काही ठरलेले नाही, आणि पूर्वी मी तिथे जी गूढता ऐकत होते ती माझीच होती. ‘पेना’मधला कॉटनचा किंचाळता आवाज पूर्वी विनोदी वाटायचा. आता त्या घराची माहिती असताना तो ऐकवत नाही. वाद्यांविना म्हटलेले काही तुकडे लांबतात. चार बाजूंच्या ऐवजी तीन असत्या तर बरे झाले असते, हे मी आता उघड म्हणते. एक गाणे ‘एला गुरू’ नावाचे आहे, त्याचा आपल्या गुरूशी संबंध नाही, पण या वेळी नाव वाचून हसू आले नाही.

आणि काही तुकडे प्रचंड वाढले. ‘स्टील सॉफ्टली थ्रू स्नो’ घ्या. सव्वादोन मिनिटांचे आहे. पूर्वी मी ते कॅप्टनच्या आवाजासाठी ऐकायचे. या वेळी फक्त ड्रम्स ऐकले. दोन गिटार दोन दिशांना ओढतात आणि हा मुलगा दोघींनाही उत्तर देतो. एका हाताने एकीला, पायाने दुसरीला. मध्ये एके ठिकाणी सगळे एकत्र येतात आणि क्षणभर अतिशय गोड, जवळजवळ लोकगीतासारखी सुरावट निघते, मग पुन्हा पांगतात. ती जागा कोणीतरी कागदावर बसून जुळवली आहे, उपाशी पोटी, विसाव्या वर्षी. मला पूर्वी वाटायचे की हे सगळे माहीत झाले तर संगीताची जादू जाईल. जादू गेली खरी. तिच्या जागी जे आले ते मला जास्त आवडते, कारण आता तिथे माणसे दिसतात.

काका, तुम्हाला हे आवडावे असा माझा आग्रह नाही. पण आज मी तेच सव्वादोन मिनिटांचे गाणे लावणार आहे, आणि विनंती एवढीच, की गाणाऱ्याकडे लक्ष देऊ नका. ड्रम्सकडे द्या. माझ्याकडची सीडी जुनी आहे, तिच्या पुस्तिकेत वादकांच्या यादीत ते नाव नाही. मी ते पेनाने लिहिले आहे, अक्षर जरा वाकडे आले आहे. पुस्तिका रांगेतून फिरवते. आणि कपबशा गाणे संपल्यावर आवरू या.